मीठ आणि मुद्रित अक्षर

चोरटा व्यापार माणसाच्या दुर्वृत्तीतून जन्मतो, हा समज राज्यकर्त्यांच्या दप्तरांनी रूढ केला. वस्तुतः त्याचे मूळ पुष्कळदा सीमारेषेतच असते. मद्रासच्या दक्षिणेस सुमारे दीडशे किलोमीटरांवर असलेल्या पाँडिचेरीचा इतिहास याची साक्ष देतो.

१८०५ मध्ये मद्रास इलाख्यात मिठावर कंपनी सरकारची मक्तेदारी स्थापन झाली. फ्रेंचांचा मुलूख मात्र इंग्रजी हद्दीत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता. एकाच समुद्राचे मीठ; पण हद्द ओलांडताच ते चोरीचा माल ठरे. ही वाट बुजविण्यासाठी इंग्रजांनी तलवार उपसली नाही. १८१५ च्या करारान्वये फ्रेंच वसाहतींतील मिठावर त्यांनी हक्क मिळविला आणि त्यापोटी सालिना चार लक्ष सिक्का रुपये देऊ केले. पुढे १८७८ मध्ये पोर्तुगिजांशी करार करून गोव्यातील मिठागरे त्यांनी आपल्या नियंत्रणाखाली आणली. तेथेही मोबदला सालिना चार लक्ष रुपयेच होता! १८९२ मध्ये हा करार संपला. प्रतिस्पर्धी म्हणविणारी साम्राज्ये महसुलाच्या प्रश्नावर अशी एकमताने वागली. मिठागरात राबणाऱ्याचे मत कोणी विचारले नाही.

नावांचीही हीच कथा आहे. गोव्याच्या सत्तरी प्रांतात १८५२ मध्ये दीपाजी राणे यांनी शस्त्र उचलले. अशा पुरुषांना सत्तेने दरोडेखोर म्हणावे आणि लोकांनी वीर म्हणावे, हे सरहद्दीवर नित्याचेच होय.

मिठाची वाट अशी विकत घेता आली. विचारांची वाट तशी घेता आली नाही. १९०८ मध्ये अटक टाळण्यासाठी सुब्रह्मण्य भारती मद्रास सोडून पाँडिचेरीस गेले. त्यांचे ‘इंडिया’ हे तमिळ साप्ताहिक तेथून निघू लागले. इंग्रज सरकारने आपल्या मुलखात त्याच्या प्रवेशास बंदी केली, तेव्हा छापील कागदही मिठाप्रमाणेच निषिद्ध माल ठरला. १९१० मध्ये पत्र बंद पडले. १९१८ मध्ये भारती परत निघाले, तो कडलूरजवळ इंग्रजी हद्दीत पाऊल ठेवताच त्यांना अटक झाली.

आधुनिक तमिळ कवितेचा एक समृद्ध कालखंड या दहा वर्षांत घडला. तेव्हा आपल्या वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्याने ग्रंथालयाइतकेच जकातीच्या नाक्याकडेही लक्ष दिले पाहिजे. मात्र तेथील दप्तर वाचताना ‘गुन्हेगार’ हा शब्द कोणाच्या लेखणीतून उतरला आहे, हे त्याने प्रथम तपासावे.