कुप्याचा समुद्र आणि दिवसांचा हिशेब

प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्यात विखुरलेल्या लहान द्वीपराष्ट्रांचा परिचय त्यांच्या जमिनीच्या क्षेत्रफळाने करून देण्याची प्रथा आहे. नाउरूची जमीन २१ चौरस किलोमीटर, तुवालूची २६ आणि किरिबातीची ८११ चौरस किलोमीटर असल्याचे वाचल्यावर ही राष्ट्रे केवळ परक्या मदतीवर जगत असावीत, असा ग्रह सहज होतो. परंतु १९८२ च्या सागरी कायदा कराराने ‘अनन्य आर्थिक क्षेत्र’, म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या साधनसंपत्तीवर किनारी राष्ट्राचा हक्क, ही कल्पना मान्य केली आणि एकट्या किरिबातीच्या वाट्याला सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या भूभागाहूनही अधिक, समुद्र आला. या समुद्राची खरी संपत्ती म्हणजे ट्यूना, कोकणात ज्याला कुपा म्हणतात त्या कुळातील मासा, आणि त्यातही डबाबंद उद्योगाला लागणारी स्किपजॅक ही जात.

हा मासा एका राष्ट्राच्या हद्दीत थांबत नाही. एल निनोच्या वर्षी उबदार पाण्यामागोमाग त्याचे थवे पूर्वेकडे किरिबातीच्या बाजूला सरकतात आणि ला निनाच्या वर्षी पश्चिमेला पापुआ न्यू गिनीकडे परततात. त्यामुळे एखाद्या बेटाने परवान्याचे शुल्क वाढवले, तर परदेशी जहाजमालक शेजारच्या बेटाशी सौदा करून मोकळा होत असे. या ओढाताणीवर उपाय म्हणून १९७९ मध्ये सॉलोमन बेटांतील होनिआरा येथे मुख्यालय असलेली ‘फोरम फिशरीज एजन्सी’ स्थापन झाली आणि १९८२ च्या फेब्रुवारीत सात राष्ट्रांनी नाउरू करारावर सह्या केल्या. पुढे तुवालू सामील झाल्यावर ही संख्या आठ झाली. या राष्ट्रांच्या विकासाची कथा देणगीदारांपासून सुरू केली जाते, ते इतिहासाला धरून नाही. कारण बाहेरच्यांशी भागीदारी जमण्याआधी बेटांनी ती आपसांत जमवली होती, आणि बाहेरचे करार त्या एकीच्या बळावरच झाले.

या एकीची कसोटी १९८४ मध्ये लागली. दूरवर स्थलांतर करणाऱ्या ट्यूनावर किनारी राष्ट्राचा हक्क अमेरिका त्या काळी मानत नसे. सॉलोमन बेटांनी आपल्या समुद्रात विनापरवाना मासेमारी करणारे ‘जनेट डायना’ हे अमेरिकी जहाज पकडून जप्त केले, तेव्हा अमेरिकेने सॉलोमन बेटांच्या मासळीवर आयातबंदी घातली. पुढच्याच वर्षी किरिबातीने सोव्हिएत संघाशी एक वर्षाचा मासेमारी करार केला, आणि शीतयुद्धाच्या त्या काळात या घटनेने वॉशिंग्टनचे लक्ष जेवढे वेधले, तेवढे बेटांच्या निषेधांनी कधी वेधले नव्हते. परिणामी १९८७ मध्ये पोर्ट मोर्सबी येथे बहुपक्षीय ट्यूना करार झाला आणि अमेरिकी जहाजांच्या मासेमारीचा मोबदला बेटांना मिळू लागला. त्याच वर्षापासून ऑस्ट्रेलियाने १२ देशांना एकूण २२ गस्ती नौका देण्यास सुरुवात केली, हेही तेवढेच महत्त्वाचे आहे. गस्तीवाचून कागदावरचा हक्क समुद्रात पोचत नाही.

तरीही मूळ प्रश्न सुटला नव्हता, कारण एकविसाव्या शतकाच्या आरंभीसुद्धा पकडलेल्या माशाच्या किमतीचा जेमतेम पाच-सहा टक्के हिस्सा बेटांच्या हाती पडत होता. येथे पर्ससीन जाळ्याची रीत समजून घ्यावी लागते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वादाचा विषय झालेले हे जाळे प्रशांत महासागरात अवाढव्य रूपात वापरले जाते: माशांच्या थव्याभोवती ते वर्तुळाकार सोडतात, खालच्या कडेच्या कड्यांतून ओवलेला दोर ओढून बटव्याच्या तोंडासारखा तळ आवळतात आणि अख्खा थवा जहाजावर घेतात. अशा जहाजाने नेमके किती टन मासे पकडले, याची खातरजमा बेटांना करता येणे कठीण होते. मात्र ते आपल्या हद्दीत किती दिवस होते, हे उपग्रहाद्वारे मोजता येत होते.

म्हणून २००७ मध्ये नाउरू कराराच्या राष्ट्रांनी ‘जहाज-दिवस योजना’ अमलात आणली. वर्षभरातील मासेमारीच्या एकूण दिवसांना मर्यादा घालायची, ते दिवस आपसांत वाटून घ्यायचे आणि परदेशी ताफ्यांना ठरावीक किमान दराने विकायचे, अशी तिची रचना. पन्नास ते ऐंशी मीटर लांबीच्या जहाजाचा एक दिवस हा एक दिवस धरला जातो, ऐंशी मीटरहून मोठ्या जहाजाचा दीड, तर पन्नासहून लहान जहाजाचा अर्धा. एका दिवसाचा किमान दर २०१२ मध्ये ५,००० डॉलर होता, तो २०१५ मध्ये ८,००० झाला. आणि २०१० मध्ये सुमारे ६ कोटी डॉलर असलेले आठ राष्ट्रांचे एकत्रित उत्पन्न त्या दशकाच्या मध्यापर्यंत ४० कोटींच्या पुढे गेले. शिवाय न वापरलेले दिवस एका राष्ट्राला दुसऱ्या राष्ट्राकडे देता येतात, त्यामुळे एल निनोच्या वर्षी मासा पूर्वेकडे गेला तरी दिवसांचा हिशेब त्याच्यामागे जाऊ शकतो. माशांवर प्रक्रिया करणारे बहुतेक कारखाने मात्र आजही थायलंडसारख्या दूरच्या देशांत आहेत, आणि त्या रोजगाराचा मोठा वाटा बेटांना मिळालेला नाही.

मासेमारीच्या दिवसांवरील मर्यादेला आधार असलेले विज्ञान हीदेखील भागीदारीचीच निर्मिती होती. न्यू कॅलेडोनियातील नुमेआ येथे मुख्यालय असलेल्या प्रशांत समुदाय या संस्थेने १९७७ पासून लाखाहून अधिक स्किपजॅक माशांना खुणेच्या पट्ट्या लावून परत सोडले, आणि पुन्हा पकडल्या गेलेल्या माशांच्या पट्ट्यांवरून त्यांचे मार्ग व साठा यांचा अंदाज बांधला. याच शास्त्रज्ञांनी पुढे असा इशारा दिला की, समुद्र तापत गेल्यास हे थवे कायमचे पूर्वेकडे, प्रसंगी सर्व राष्ट्रांच्या हद्दीबाहेरच्या खुल्या समुद्रात सरकतील. त्यातच दोनशे मैलांचे माप किनाऱ्यापासून घेतले जात असल्याने, प्रवाळबेटे पाण्याखाली गेली तर समुद्रावरचा हक्कही बुडेल, अशी भीती होती. ६ ऑगस्ट २०२१ रोजी प्रशांत द्वीपसमूह मंचाच्या नेत्यांनी जाहीर केले की, एकदा निश्चित करून संयुक्त राष्ट्रांना कळवलेल्या सागरी हद्दी समुद्राची पातळी कितीही वाढली तरी कमी होणार नाहीत.