कळ, अक्षर आणि फर्मवेअर : कळफलकावरील अधिकाराचे स्थलांतर

कोणत्या कळेने कोणते अक्षर उमटावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा कळफलकाच्या इतिहासातील मूलभूत प्रश्न होय. यांत्रिक कळफलक स्वहस्ते जोडून त्यात आपल्या इच्छेप्रमाणे फर्मवेअर भरणारा आजचा हौशी कारागीर हा अधिकार आता आपल्या हाती आला असे मानतो. हे मत कितपत ग्राह्य आहे हे पाहावयाचे, तर कळ व अक्षर यांचा संबंध कसा बदलत गेला, ते क्रमाने तपासले पाहिजे.

रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये शोल्स व ग्लिडन यांचे टंकलेखनयंत्र विक्रीस आणले. या प्रकारच्या यंत्रात कळ, तिला जोडलेला दांडा आणि त्याच्या टोकावरील खिळा ही एक अखंड साखळी होती. कळेचे स्थान व अक्षराची ओळख ही दोन्ही धातूतच ठरून गेलेली असल्यामुळे रचना बदलणे म्हणजे खिळे बदलणे होते. ऑगस्ट ड्वोरॅक यांच्या पर्यायी रचनेस १९३६ मध्ये पेटंट मिळाले. पण तिचा अंगीकार करावयाचा तर निराळे यंत्रच लागे. अधिकार अर्थातच कारखान्याकडे होता.

ही साखळी तुटल्याचे ठळक उदाहरण १९८१ च्या आयबीएम वैयक्तिक संगणकात दिसते. त्याच्या ८३ कळांच्या फलकात इंटेल ८०४८ हा सूक्ष्मनियंत्रक होता. तो संगणकाकडे अक्षर पाठवीत नसे. अमुक क्रमांकाची कळ दाबली अथवा सोडली, एवढेच कळवी. त्या क्रमांकास अक्षराचा अर्थ देण्याचे काम संगणकातील आज्ञावली करी. अशा रीतीने स्थान आणि अक्षर यांची फारकत झाली. तथापि फलकातील आज्ञावली निर्मितीच्या वेळीच कायमची कोरलेली असे.

ती बदलण्याची सोय दुसऱ्याच क्षेत्रातून आली. ‘फर्मवेअर’ हा शब्द आशर ऑप्लर यांनी १९६७ मध्ये संगणकाच्या अंतर्गत सूक्ष्म-आज्ञावलीसाठी वापरला; उपकरणात वसलेली कोणतीही आज्ञावली, हा व्यापक अर्थ त्यास पुढे प्राप्त झाला. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृती जगापुढे मांडली. विजेच्या साहाय्याने पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या या स्मृतीमुळेच नवे फर्मवेअर भरण्याच्या क्रियेस ‘फ्लॅश करणे’ असे नाव पडले.

स्वहस्ते बांधलेल्या कळफलकात या सर्व धाग्यांचा संगम होतो. अशा फलकांत बराच काळ प्रचलित असलेल्या एटीमेगा ३२यू४ या सूक्ष्मनियंत्रकास ३२ किलोबाइट फ्लॅश स्मृती व २६ संकेतवाहिन्या आहेत. साठ कळांना साठ वाहिन्या देणे त्यात शक्य नाही. म्हणून कळा ५ ओळी व १२ स्तंभ अशा जाळीत सोल्डरने जोडल्या की १७ वाहिन्या पुरतात. प्रत्येक कळेबरोबर लावलेला डायोड न दाबलेल्या कळेचा खोटा संकेत उठू देत नाही. जपानी विकासकाच्या टीएमके या फर्मवेअरपासून निघालेले क्यूएमके हे मुक्त फर्मवेअर अशी जाळी क्षणोक्षणी तपासते. वापरणारा कळांचा नकाशा लिहितो, तो यंत्रभाषेत उतरवितो आणि बूटलोडर या छोट्या आज्ञावलीच्या द्वारे फलकात भरतो. बूटलोडर शाबूत असेपर्यंत फसलेला प्रयोगही दुरुस्त होतो. एकाच कळेस निरनिराळ्या स्तरांवर निरनिराळी कामे देता येतात. स्थानाचा अधिकार येथे खरोखरच वापरणाऱ्याकडे आलेला आहे.

परंतु अक्षराचा अधिकार आला काय? देवनागरीच्या उदाहरणाने याचा निर्णय होतो. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट ही रचना प्रमाण केली. १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकातही तिचा समावेश झाला. यूएसबी कळफलकाच्या संकेतसूचीत इंग्रजी ‘के’ कळेचा क्रमांक १४ आहे. फलक १४ एवढेच पाठवितो. संगणकावर इंग्रजी रचना असेल तर ‘के’ उमटतो, इनस्क्रिप्ट असेल तर ‘क’. तीन कळांचे संकेत एका कळेत गुंफून ‘क्ष’ काढता येईल, पण तोही संगणकावर इनस्क्रिप्ट असेल तरच. फलकाने स्वतःच ‘क’ द्यावा असा आग्रह धरल्यास युनिकोडमधील ०९१५ हा त्याचा अंक संगणकाला समजेल अशा पद्धतीने टंकित करून दाखवावा लागतो, आणि ती पद्धत लिनक्सवर एक, तर विंडोजवर दुसरी.

यावरून असे दिसते की, कारखान्याची सत्ता गेली हे खरे, पण ती सर्वस्वी एका हाती आली नाही. तिची वाटणी झाली. कळेचे स्थान व वर्तन फर्मवेअर लिहिणाऱ्याकडे आले. अक्षराचा अर्थ मात्र संगणकप्रणाली व सार्वजनिक मानके यांच्याकडेच राहिला. स्वतःचा कळफलक बांधणाऱ्या मराठी लेखकासही म्हणूनच मानकांच्या निर्मितीविषयी उदासीन राहता येणार नाही. त्याच्या हातातील स्वातंत्र्याची सीमा तेथेच आखली जाते.