स्वयंचलित रायफल : हौस, नेम आणि मोल

अमेरिकेत दुकानात जाऊन कोणालाही मशिनगन विकत घेता येते, असा समज आपल्याकडे बराच रूढ आहे. तेथील शाळांत आणि मॉलमध्ये होणाऱ्या गोळीबाराच्या बातम्या वाचून तो अधिकच पक्का होतो. प्रत्यक्षात अशा घटनांत वापरल्या जाणाऱ्या बंदुका बहुतांशी अर्धस्वयंचलित असतात. त्यांचा चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. दुसऱ्या गोळीसाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. चाप दाबून धरला असता मॅगेझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात, ती पूर्ण स्वयंचलित रायफल. बाजारात सर्रास मिळणारी एआर-१५ आणि लष्कराची एम-१६ या दिसायला जुळ्या बहिणी असल्या, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पूर्ण स्वयंचलित रायफल अमेरिकी नागरिकाला बाळगता येते, हे खरे. मात्र ती मिळवण्याचा मार्ग लांब व खर्चिक आहे आणि तो जुन्या शस्त्रांच्या एका मर्यादित साठ्यापाशी येऊन संपतो. या साठ्याचा इतिहास समजून घेतल्याशिवाय तेथील किमती, हौस आणि वाद यांचा उलगडा होत नाही.

दोनशे डॉलरचा कर

दारूबंदीच्या काळात अमेरिकी शहरांत गुंडांच्या टोळ्या माजल्या होत्या. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोत एका टोळीने सात जणांना भिंतीशी उभे करून ठार केले. त्यात ‘टॉमी गन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन थॉम्पसन सबमशिनगन वापरल्या गेल्या. अशा घटनांनी लोकमत ढवळून निघाले आणि अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत १९३४ मध्ये ‘नॅशनल फायरआर्म्स अॅक्ट’ हा कायदा संमत झाला.

या कायद्याने मशिनगनवर बंदी घातली नाही, तर तिची नोंदणी सक्तीची केली आणि प्रत्येक हस्तांतरणावर दोनशे डॉलरचा कर बसवला. त्या काळी खुद्द टॉमी गनची किंमतही साधारण तेवढीच होती. म्हणजे शस्त्राच्या किमतीइतकाच कर भरावा लागे. आजच्या मूल्यात ती रक्कम साडेचार हजार डॉलरहून अधिक भरते. कराचा आकडा मात्र तेव्हापासून तसाच राहिला. २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने सायलेन्सर आणि आखूड नळीच्या रायफलींवरील हा कर २०२६ पासून शून्यावर आणला. मशिनगनवरील दोनशे डॉलर कायम ठेवण्यात आले.

पुढे १९६८ च्या ‘गन कंट्रोल अॅक्ट’ने परदेशी मशिनगन सामान्य नागरिकांसाठी आयात करण्यावर बंदी घातली. त्याच वर्षाच्या अखेरीस सुमारे एक महिन्याची माफी-मुदत देण्यात आली. दुसऱ्या महायुद्धातून वा कोरियातून सैनिकांनी आठवण म्हणून आणलेली, पण नोंद नसलेली अनेक शस्त्रे या काळात शिक्षेच्या भीतीविना नोंदवली गेली.

१९ मे १९८६ ची रेषा

या विषयातील सर्वांत महत्त्वाची तारीख १९ मे १९८६ ही आहे. या दिवशी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ‘फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन अॅक्ट’वर स्वाक्षरी केली. नावाप्रमाणे हा कायदा शस्त्रमालकांना दिलासा देणारा होता. परंतु न्यू जर्सीचे प्रतिनिधी विल्यम ह्यूज यांनी सुचवलेली एक दुरुस्ती त्यात समाविष्ट झाली होती. तिच्यानुसार त्या तारखेनंतर बनवलेली वा नोंदवलेली मशिनगन खासगी नागरिकाला बाळगता येत नाही. लष्कर, पोलिस आणि विशेष परवाना असलेले उत्पादक व विक्रेते यांनाच त्यातून सूट आहे.

आधी नोंदवलेली शस्त्रे मात्र कायदेशीर राहिली आणि त्यांची खरेदी-विक्रीही सुरू राहिली. मद्य, तंबाखू, बंदुका व स्फोटके या विषयांचा कारभार पाहणाऱ्या ‘एटीएफ’ या केंद्रीय यंत्रणेच्या नोंदवहीत अशी हस्तांतरणीय शस्त्रे सुमारे पावणेदोन लाख आहेत. त्यांत नव्याने एकाचीही भर पडू शकत नाही. उलट झीज, अपघात आणि जप्ती यांमुळे हा साठा कमीच होऊ शकतो.

रायफल की गुंतवणूक?

पुरवठा गोठला आणि मागणी वाढत गेली, की काय होते हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यास एम-१६ रायफल हजार डॉलरच्या आसपास मिळत असे. आज नोंदणीकृत एम-१६ साठी तीस हजार डॉलर वा त्याहून अधिक मोजावे लागतात. पत्रा वाकवून बनवलेली, दिसायला ओबडधोबड अशी मॅक-१० सबमशिनगनदेखील दहा हजार डॉलरच्या घरात जाते. जर्मन बनावटीची एमपी-५ किंवा अस्सल जुनी थॉम्पसन यांच्या किमती आलिशान मोटारीशी स्पर्धा करतात. याउलट अमेरिकी लष्कर नवी कोरी एम-४ कार्बाईन हजार डॉलरपेक्षा कमी किमतीत विकत घेते. या दोन आकड्यांतील तफावत ही पोलादाची किंमत नसून कागदाची, म्हणजे नोंदणीची किंमत आहे.

कायद्याच्या लेखी बंदुकीचा मुख्य सांगाडा, अर्थात रिसीव्हर, म्हणजेच मशिनगन होय. नळी, दस्ता, स्प्रिंगा हे भाग झिजले तर बदलता येतात. नोंदणी क्रमांक कोरलेला सांगाडा बदलता येत नाही. त्यामुळे अनेक मालक मूळ शस्त्र तिजोरीत ठेवतात आणि गुंतवणूक म्हणून त्याच्याकडे पाहतात. मालकाच्या मृत्यूनंतर ही शस्त्रे वारसाकडे जातात; त्या हस्तांतरणावर कर लागत नाही, अर्ज मात्र करावाच लागतो.

खरेदीची प्रक्रिया

खरेदीदाराने एटीएफकडे विहित नमुन्यात अर्ज करायचा, सोबत छायाचित्रे व बोटांचे ठसे द्यायचे, दोनशे डॉलर भरायचे आणि मंजुरीची वाट पाहायची. पूर्वी स्थानिक पोलिसप्रमुखाची संमतीची सहीही लागत असे; २०१६ पासून त्यांना केवळ कळवणे पुरेसे ठरले. मंजुरी येईपर्यंत पैसे दिलेले शस्त्र विक्रेत्याच्याच ताब्यात राहते. ही प्रतीक्षा अनेक महिने, क्वचित वर्षभरही चालत असे. ऑनलाइन अर्जांची सोय आल्यापासून ती बरीच घटली आहे.

केंद्राने परवानगी दिली तरी राज्याची आडकाठी असू शकते. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी यांसारख्या राज्यांत सामान्य नागरिकाला मशिनगन बाळगता येत नाही. जेथे बाळगता येते, तेथूनही ती दुसऱ्या राज्यात न्यायची तर आधी एटीएफची लेखी परवानगी घ्यावी लागते. नोंद नसलेले शस्त्र सापडल्यास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

नेम कुठे, गोळी कुठे

एवढे सोपस्कार करून हाती आलेल्या रायफलीचा नेम कसा असतो? नेमबाज अचूकता कोनाच्या ‘मिनिट’ या मापाने मोजतात. शंभर मीटर अंतरावर एक मिनिट म्हणजे सुमारे २.९ सेंटिमीटर. एम-१६ मधून एकेक गोळी सावकाश झाडली, तर त्या अंतरावर साधारण दहा-बारा सेंटिमीटरच्या वर्तुळात गोळ्या बसतात. मात्र चाप दाबून धरताच हे गणित कोलमडते.

त्याचे कारण साधे आहे. गोळीचा उलटा धक्का नळीच्या रेषेत मागे येतो, पण दस्ता खांद्याला टेकतो तो बहुतेक बंदुकांत त्या रेषेच्या खाली. त्यामुळे प्रत्येक गोळीबरोबर नळीचे तोंड वर उचलले जाते. एम-१६ चा वेग मिनिटाला सुमारे ७०० ते ९५० गोळ्या असतो. मिनिटाला ८०० धरले, तर दोन गोळ्यांत सेकंदाच्या चौदाव्या हिश्श्याहून किंचित अधिक अवधी मिळतो. डोळ्यांना दिसलेल्या बदलावर हात हलायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. नळी वर गेली हे लक्षात येईपर्यंत पुढच्या दोन-तीन गोळ्या सुटलेल्या असतात. म्हणूनच पहिली गोळी लक्ष्यावर, दुसरी त्याच्या वर आणि पुढच्या मागच्या मातीच्या बांधात, असा नवशिक्याचा अनुभव असतो.

रचनाकारांनी यावर उपाय शोधले. एम-१६ चा दस्ता नळीच्या सरळ रेषेत आहे. एके-४७ ची सुधारित आवृत्ती असलेल्या एकेएम रायफलीच्या नळीला तिरका कापलेला तुकडा बसवलेला असतो. बाहेर पडणारा वायू त्यावर आदळून नळीला खाली रेटतो. थॉम्पसन तिच्या साडेचार किलोहून अधिक वजनामुळे हातात स्थिर राहते. परंतु तिचा जड बोल्ट गोळी सुटण्याच्या क्षणी पुढे आदळतो आणि नेम हलवतो. मॅक-१० तर मिनिटाला हजारांहून अधिक गोळ्या ओकते आणि तीस गोळ्यांचे मॅगेझिन दोन सेकंदांच्या आत रिकामे करते.

लष्करांनीही हा धडा घेतला आहे. १९५७ मध्ये स्वीकारलेली अमेरिकेची एम-१४ रायफल स्वयंचलित माऱ्यात इतकी अनावर ठरली, की बहुतेक सैनिकांना ती एकेक गोळी झाडण्यापुरतीच मर्यादित करून दिली जाई. व्हिएतनाममध्ये वाया गेलेल्या गोळ्यांचा विचार करून १९८०च्या दशकातील एम-१६-ए-२ मध्ये अखंड माऱ्याऐवजी तीन गोळ्यांची मर्यादा घालण्यात आली. भारतीय लष्कराच्या मूळ इन्सास रायफलीतही एकेक गोळी आणि तीन गोळ्यांचा मारा अशीच योजना होती. जाणकार मालकही तीन ते पाच गोळ्यांचे छोटे मारे करतात, खांदा पुढे झुकवतात आणि वजन पुढच्या पायावर ठेवतात.

ताबा सुटण्याचा धोका सैद्धांतिक नाही. पर्यटकांना भाड्याने मशिनगन चालवू देणारी मैदाने अमेरिकेत अनेक आहेत. ऑगस्ट २०१४ मध्ये अॅरिझोनातील अशाच एका मैदानावर नऊ वर्षांच्या मुलीच्या हातातील उझी स्वयंचलित माऱ्यात वर उसळली आणि शेजारी उभा असलेला प्रशिक्षक गोळी लागून मृत्युमुखी पडला. त्यानंतर लहान मुलांच्या हाती अशी शस्त्रे देण्यावरून देशभर टीका झाली.

सव्वादोन सेकंदांचा खर्च

खरेदीनंतरचा खर्चही थोडा नाही. ५.५६ मिलिमीटरचे एक काडतूस साधारण अर्ध्या डॉलरला पडते, असे धरले तर तीस गोळ्यांच्या मॅगेझिनचे पंधरा डॉलर होतात आणि ते सव्वादोन सेकंदांत संपते. एका दुपारी हजार गोळ्या झाडणाऱ्याचे पाचशे डॉलर धुरात जातात. त्यामुळे काही मालक एम-१६ ला स्वस्त अशा .२२ काडतुसांसाठीचा जोड बसवून हौस भागवतात.

नळीही तापते. लष्करी पुस्तिकांनुसार एम-१६ मधून दीर्घकाळ मारा करायचा असेल, तर मिनिटाला १२ ते १५ गोळ्यांवर जाऊ नये. शेकडो गोळ्या सलग झाडल्यास नळी झिजते आणि अचूकता कायमची घटते. केंटकीतील नॉब क्रीक येथे २०२१ पर्यंत वर्षातून दोनदा मशिनगनधारकांचा मेळा भरत असे. त्याला हजारो प्रेक्षक तिकीट काढून येत. तेथे नेमापेक्षा आवाज, धूर आणि उडणाऱ्या ठिकऱ्या यांचेच आकर्षण अधिक असे.

नोंदवहीबाहेरचा धोका

कायदेशीर नोंदणी असलेल्या मशिनगनने झालेले खून अत्यंत विरळ आहेत. १९८८ मध्ये ओहायोतील डेटन येथे झालेला असा एक खून नेहमी उदाहरणादाखल दिला जातो. त्यातील आरोपी स्वतः पोलिस कर्मचारी होता. तीस हजार डॉलर, बोटांचे ठसे आणि महिनोन्महिन्यांची प्रतीक्षा ही चाळणी गुन्हेगाराला परवडणारी नाही.

आजचा प्रश्न वेगळा आहे. साध्या पिस्तुलाला वा रायफलीला बेकायदा स्वयंचलित बनवणारे छोटे सुटे भाग काळ्या बाजारात आले आहेत. एटीएफच्या अहवालानुसार २०१२ ते २०१६ या काळात असे ८१४ भाग हस्तगत झाले होते. २०१७ ते २०२१ या काळात ही संख्या ५,४५४ वर गेली.

कायद्याच्या शब्दांचाही कस लागला. १ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगास येथे एका संगीत महोत्सवावर झालेल्या गोळीबारात अर्धस्वयंचलित रायफलींना ‘बंप स्टॉक’ हे दस्ते बसवलेले होते. रायफलीचा धक्का वापरून त्यांच्यामुळे चापावर बोट वेगाने आदळत राहते. बळींची संख्या पुढे ६० वर गेली. सरकारने या दस्त्यांना मशिनगन ठरवून २०१९ पासून बंदी अमलात आणली. परंतु जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ अशा बहुमताने ती रद्द केली. प्रत्येक गोळीसाठी चाप स्वतंत्रपणे चालतो, म्हणून हे शस्त्र कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, असे बहुमताचे म्हणणे होते.

भारतातील तरतूद

भारतात या हौसेला थाराच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार, चाप दाबलेला असेपर्यंत वा मॅगेझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सोडणारे शस्त्र ‘निषिद्ध शस्त्र’ ठरते आणि केंद्र सरकारच्या खास परवानगीविना ते बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठीची किमान शिक्षा पाच वर्षांवरून सात वर्षांवर नेली. साध्या परवान्यावरील शस्त्रांची मर्यादाही तीनवरून दोनवर आणली. मुंबईत या कायद्याची ओळख झाली ती १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यामुळे. एके-५६ बाळगल्याच्या प्रकरणात अभिनेता संजय दत्त याला झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कायम करताना ती सहा वर्षांवरून पाच वर्षांवर आणली होती.

दोन्ही देशांच्या व्याख्या चापाभोवतीच फिरतात. भारताने दार बंद ठेवले. अमेरिकेने ते उघडे ठेवून उंबरठा इतका उंच केला, की तो ओलांडणारे बहुधा संग्राहकच उरले. जुन्या नोंदणीकृत रायफलींपुरता हा उपाय यशस्वी ठरला, हे आकडेच सांगतात. अंगठ्याएवढ्या बेकायदा भागाला मात्र ना नोंदणी क्रमांक असतो, ना कराचा शिक्का. १९३४ आणि १९८६ च्या कायद्यांपुढे आज खरे आव्हान आहे ते त्याचेच.