दोन नद्या, दोन शिपाई : इटलीतलं शेवटचं वर्ष

दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं हिटलर, हिरोशिमा आणि आझाद हिंद सेना यांच्यापाशीच फिरत राहतं. आज आपण इटलीत जाऊ. काळ १९४४चा जुलै ते १९४५चा मे, म्हणजे युरोपातल्या युद्धाचं शेवटचं वर्ष. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे लढायांपेक्षा त्यातून उभा राहणारा प्रश्न आम्हाला जास्त छळतो. पण आधी हकीकत.

इटलीत सुमारे ५०,००० भारतीय सैनिक लढले. त्यांतले ५,७८२ परत आले नाहीत. तिथे दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांना मिळाले, आणि त्या सहांत दोघे आपल्या मुलखातले, मराठा लाइट इन्फंट्रीचे. दोघांचाही जन्म १९२१च्या नोव्हेंबरातला.

पहिले नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. एकटे घाडगे पुढे धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. नवं मॅगझिन भरायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना झोडपून मारलं. तेवढ्यात दडून बसलेल्या शत्रूची गोळी लागून ते पडले. वय बावीस. त्यांची कबर सापडत नाही. कासिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे.

दुसरे शिपाई नामदेव जाधव, संगमनेर तालुक्यातल्या निमजचे, कंपनीचे निरोप्ये. १९४४-४५चा हिवाळा दोन्ही सैन्यांनी सेनिओ नदीच्या उंच बांधांआड काढला होता. ९ एप्रिल १९४५ला शेवटचा मोठा हल्ला सुरू झाला. नदी ओलांडताना जाधवांसोबतचे जवळजवळ सगळे पडले. जाधवांनी आधी काय केलं, ते नीट ऐका. एका जखमीला पाठीवर घेऊन खोल पाण्यातून, चढ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोचवलं. मग दुसऱ्यासाठी त्याच वाटेने परत गेले. त्यानंतर मशीनगनची तीन ठाणी मोडली, तीही हात जखमी झालेला असताना. शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना करत मागच्या कंपन्यांना त्यांनी पुढे बोलावलं. त्याच दिवशी त्याच नदीवर फ्रंटियर फोर्सचे अली हैदर यांनीही व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. पुढच्या २ मे रोजी इटलीतलं युद्ध संपलं.

आता प्रश्नाकडे येऊ. जाधवांचा जिल्हा तेव्हाचा अहमदनगर. त्याच जिल्ह्याच्या किल्ल्यात ऑगस्ट १९४२पासून नेहरू, पटेल, आझाद कैदेत होते. १९४४मध्ये नेहरूंनी डिस्कव्हरी ऑफ इंडिया तिथेच लिहिलं. साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं होतं. म्हणजे ज्या सरकारने नेते कोंडले, त्याच सरकारच्या गणवेशात निमजचा मुलगा सेनिओत उतरला होता. १९३९मध्ये व्हाइसरॉयने भारताला न विचारता युद्धात ओढलं, हेही खरं. मग हे शौर्य कोणाच्या खात्यावर मांडायचं?

काही जण म्हणतात, ते पोटासाठी लढले, भाडोत्री. आम्हाला हा शब्द पटत नाही. सक्तीची भरती नव्हती हे खरं. पंचवीस लाख लोक आपण होऊन भरती झाले. पण 'आपण होऊन' म्हणजे काय? कोकणातल्या आणि देशावरच्या कोरडवाहू घरात शेतीचा तुकडा लहान, खाणारी तोंडं जास्त. पलटणीचा पगार मनीऑर्डरने घरी येई. ही मोकळी निवड नव्हे, आणि गुलामीही नव्हे. आपल्यापैकी बहुतेकांच्या नोकऱ्या याच दोहोंच्या मध्ये कुठेतरी झाल्या.

आमचं म्हणणं एवढंच, की इथे दोन प्रश्न आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. युद्ध कोणाचं होतं, हा एक. त्याचं उत्तर साम्राज्याने द्यावं. पाण्यात पडलेल्या सोबत्याला टाकून जायचं की नाही, हा दुसरा. तो त्या संध्याकाळी जाधवांपुढे होता आणि त्यांनी तो दोनदा सोडवला. पहिल्या प्रश्नाच्या रागात दुसऱ्याचं उत्तर पुसणं हा अन्याय आहे. उलट, दुसऱ्याच्या अभिमानात पहिला विसरणं, म्हणजे साम्राज्याला फुकटची माफी देणं, हेही चूकच.

स्वतंत्र भारतात या माणसांची अडचण झाली. इंग्रजांच्या इतिहासात ते 'निष्ठावान', आमच्या पाठ्यपुस्तकांत जवळपास गैरहजर. माणगावात घाडगे यांचा पुतळा आहे. इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३मध्ये त्यांच्या नावाने सूर्यतबकडीचं स्मारक उभारलं. ज्या गावाच्या आसमंतात ते पडले, त्या गावाला ऐंशी वर्षांनी त्यांचं नाव घ्यावंसं वाटलं. जाधव १९८४पर्यंत जगले. म्हणजे आमच्या पिढीला त्यांना जाऊन विचारता आलं असतं. आम्ही विचारलं नाही.

तेव्हा ऐकणाऱ्यांना एक विनंती. घरात कोणा आजोबा-पणजोबांचा डिस्चार्जचा कागद, पदक, गणवेशातला फोटो असेल, तर ट्रंकेतून काढा. पलटण कुठली, माणूस कुठे कुठे गेला, परत आल्यावर काय बोलला, जे आठवतं ते तारीख घालून लिहून ठेवा. ते 'कोणाच्या बाजूचे' होते, हे नंतर ठरवू.