फळीची पाठ : स्वस्त चित्रफलकांचा इतिहास, जुन्या गोव्यापासून वैरागपर्यंत

#थ्रेड #इतिहास #चित्रकला

१/
फलक, फळा आणि फळी हे तीनही शब्द एकाच मुळाचे. कालिदासाच्या शाकुंतलात पश्चात्तापाने पोळलेला दुष्यंत शकुंतलेचे चित्र रंगवतो. ते ज्यावर रंगवतो त्याला नाटकात ‘चित्रफलक’ असे नाव आहे. चित्र म्हणजे कॅनव्हास हे समीकरण बरेच अलीकडचे. बार्शी तालुक्यातील वैरागसारख्या बाजारगावात ताणलेला कॅनव्हास हवा तेव्हा मिळेलच असे नाही. पण सुताराच्या दुकानामागे प्लायवूडचे आणि हार्डबोर्डचे उरलेले तुकडे नेहमी पडलेले असतात. त्या तुकड्यांमागे किमान सहाशे वर्षांची कारागिरी उभी आहे. हा थ्रेड तिच्याविषयी, आणि तिच्यात हरवलेल्या एका नावाविषयी.

२/
सुरुवात इटलीपासून करावी लागते, कारण तेथे ही कृती तपशीलवार लिहून ठेवली गेली. इ. स. १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने आपल्या हस्तपुस्तिकेत फळी कशी तयार करावी हे पायरीपायरीने सांगितले. आधी फळीला पातळ सरस पाजायचा. मग जुन्या, झिजलेल्या तागाच्या कापडाच्या पट्ट्या सरसात भिजवून तिच्यावर चिकटवायच्या. त्यावर जिप्सम आणि सरस यांचा जाड थर, आणि शेवटी बारीक वस्त्रगाळ लेपाचे किमान आठ हात. प्रत्येक हात आधीच्यापेक्षा वेगळ्या दिशेने न्यायचा आणि अखेरीस पृष्ठभाग हस्तिदंतासारखा गुळगुळीत करायचा.

३/
या यादीकडे पुन्हा पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. सोन्याचा वर्ख आणि निळा रंग महाग होते, पण त्यांच्या खालचे सगळे स्वस्त होते : जनावरांच्या कातड्यापासून काढलेला सरस, जुने कापड, दगडाची पूड. त्या थरांत पैसा फारसा नव्हता. दिवस मात्र पुष्कळ होते. चांगली फळी ही मुख्यतः श्रमाने बनत असे.

४/
एवढा खटाटोप कशासाठी? लाकूड झाड तोडल्यावरही हालत राहते म्हणून. हवेतील ओल शोषून ते फुगते, कोरड्या हवेत आकसते. ही हालचाल धाग्याच्या दिशेने नगण्य असते, पण आडव्या अंगाने चांगलीच जाणवते. एकाच बाजूला लेप दिला तर एक बाजू ओल घेते आणि दुसरी घेत नाही. फळी बाक धरते, वरचा रंग तडकतो. पावसाळ्यात दार चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात त्याच दाराला फट पडते, हे ज्याने पाहिले आहे त्याला जुन्या चित्रांचे निम्मे आजार समजतात. वैरागचा वैशाख चाळिशी ओलांडतो आणि पाठोपाठ आषाढाची दमट हवा येते. येथील फळीला ही परीक्षा दरवर्षी द्यावी लागते.

५/
युरोपात फळी बनवणे हा स्वतंत्र धंदा झाला. बेल्जियममधील अँटवर्प शहरात १६१७ साली फळी बनवणाऱ्यांसाठी नियम झाले. खोडाच्या बाहेरच्या अंगाचे कच्चे किंवा किडके लाकूड वापरण्यास मनाई होती. कारागिराने फळीवर स्वतःची खूण उमटवायची. संघाच्या प्रमुखाने ती फळी तपासायची. ती पसंत पडली तर मागील बाजूस तापलेल्या लोखंडाने शहराचे चिन्ह, म्हणजे किल्ला आणि दोन हात, डागायचे. या खुणांमुळे चारशे वर्षांनंतरही रूबेन्सच्या काही चित्रांखालची फळी मिखील व्रीन्ट नावाच्या कारागिराने केली हे सांगता येते. चित्राच्या दर्शनी बाजूवर ज्याला जागा नव्हती, तो पाठीवर टिकला.

६/
आता गोव्याकडे वळू. अँटवर्पच्या नियमांच्या सत्तर वर्षे आधी, १५४७ साली, पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याने आपल्याआधीच्या सर्व गव्हर्नरांची पूर्णाकृती चित्रे करवून घेतली. प्रत्येकाचे चित्र वेगळ्या लाकडी फळीवर होते. हे काम त्याने इतिहासकार गास्पार कोरेया याच्याकडे सोपवले. कोरेया १५१२ साली हिंदुस्थानात आला होता. त्याला चित्रकलेचे अंग होते आणि ते सगळे गव्हर्नर त्याने डोळ्यांनी पाहिले होते. पुढे प्रत्येक नव्या व्हाइसरॉयच्या चित्राची या मालिकेत भर पडत गेली.

७/
परंतु रंगकाम कोरेयाने एकट्याने केले नाही. स्वतःच्या ग्रंथात तो सांगतो की या कामी एक स्थानिक चित्रकार होता, या भूमीतला माणूस, उपजत गुण असलेला. कोरेयाने वर्णन करून सांगायचे आणि त्याने चेहरे उभे करायचे. ते इतके हुबेहूब उतरले की ज्यांनी त्या माणसांना पाहिले होते ते चित्र पाहताक्षणी ओळखत, असेही कोरेया नोंदवतो. मात्र या चित्रकाराचे नाव तो देत नाही. ज्यांना रंगवले त्यांची नावे, हुद्दे आणि कुलचिन्हे उरली. ज्याच्या हाताने ते रंगले त्याच्यासाठी ‘इथला एक माणूस’ एवढीच ओळख शिल्लक आहे.

८/
हा एकटा अपवाद नव्हता. चर्चच्या वेद्या, मूर्ती आणि चित्रफळ्या घडवण्यासाठी गोव्यात स्थानिक कारागीर सर्रास लागत आणि त्यांतले अनेक हिंदू होते. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेने ख्रिस्ती पूजेच्या वस्तू अख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली. मनाई करावी लागते याचाच अर्थ ती कामे त्यांच्याकडे जात होती. एखाद्या समूहाच्या हातांचा पुरावा त्यांच्या नावांऐवजी त्यांच्याविरुद्धच्या नियमांतून मिळावा, हे वसाहतीच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

९/
त्या गव्हर्नरांच्या फळ्यांचे पुढे काय झाले? मांडवीकाठची दमट हवा आणि किनाऱ्यावरचा धुवाधार पाऊस त्यांना सोसवला नाही. रंग सुटला की वरून नवा रंग चढवला गेला. शतकानुशतके अशी डागडुजी होत राहिली. विसाव्या शतकात काही फळ्या लिस्बनला गेल्या, बऱ्याचशा जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. आज त्यांच्यासमोर उभे राहणारा प्रेक्षक बहुतांशी नंतरच्या हातांचे काम पाहतो. १५४७ च्या त्या चित्रकाराचे आधी नाव गेले, मग बराचसा रंगही झाकला गेला.

१०/
गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या सावंतवाडीत मात्र एक लेपविद्या टिकून राहिली. तेथील चितारी गंजिफाचे गोल पत्ते करत. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचे, मग रंग आणि शेवटी लाखेचे आवरण. दशावतारी गंजिफाच्या एका संचात १२० पत्ते असतात. प्रत्येकाला हे सगळे सोपस्कार. खळ, खडू, घोटाई : चेन्निनीच्या कृतीशी हिचे साम्य उघड आहे, जरी सामग्री सर्वस्वी इथली आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मरणपंथाला लागलेल्या या कलेला राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी आधार दिला.

११/
सोलापूरकरांना ‘खळ’ हा शब्द वेगळ्याच दिशेने ठाऊक आहे. हातमागावर ताणा चढवण्यापूर्वी सुताला खळ पाजतात, त्याला पांजणी म्हणतात. सूत तुटू नये, पिंजारू नये, हा तिचा हेतू. फळीला सरस पाजण्यामागचा विचार काही अंशी तोच : तंतू बांधून ठेवायचे आणि पुढच्या थराला धरायला जागा द्यायची. विणकराची आणि चिताऱ्याची विद्या या एका पायरीवर शेजारी येतात.

१२/
विसाव्या शतकात लाकडाची हालचालच कमी करणारा शोध लागला. १९२४ साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात लॉरेल या गावी विल्यम मेसन याने लाकूडगिरणीतल्या वाया जाणाऱ्या चिपांवर प्रचंड दाबाची वाफ सोडली आणि तो दाब एकदम काढून घेतला. चिपांचे तंतू मोकळे झाले. ते उष्णतेखाली दाबले की लाकडातील नैसर्गिक द्रव्यानेच एकमेकांना चिकटत. हेच मॅसोनाइट किंवा हार्डबोर्ड : एका अंगाने गुळगुळीत, दुसऱ्या अंगावर जाळीचा ठसा. त्यात धाग्याची एकच एक दिशा नसल्याने ते साध्या फळीसारखे आडवे आकसत नाही. टाकाऊ मालातून निघालेला हा पत्रा चित्रकारांच्या हाती लवकरच पोहोचला.

१३/
सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर येथे १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन हे आरंभी मुंबईत सिनेमाची प्रचंड फलके रंगवत. १९४० च्या दशकात त्यांनी मुलांसाठी लाकडी खेळणी आणि फर्निचर रंगवून, आखून पोट भरले. १९४७ साली ते ज्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सामील झाले, त्याचे प्रवर्तक फ्रान्सिस न्यूटन सोझा गोव्यातील साळगावचे. सोझा यांचे १९५५ चे ‘बर्थ’ हे चित्र कॅनव्हासवर नाही. ते बोर्डवर तैलरंगात आहे आणि सुमारे ४ फूट बाय ८ फूट, म्हणजे बाजारातल्या एका अखंड पत्र्याएवढे आहे. २०१५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला ४० लाख डॉलरहून अधिक किंमत आली.

१४/
घरगुती फळीच्या कथेतील शेवटचा मोठा बदल चिकटपट्टीचा नव्हे, चिकाचा आहे. सुतारकामातला सरस गरम करून वापरावा लागे. त्याचा वास घरभर पसरे. १९५९ साली बळवंत पारेख यांच्या मुंबईतील व्यवसायातून फेविकॉल बाजारात आला. पांढरा, थंड, पाण्यात मिसळणारा हा चीक सुतारांनी आपलासा केला आणि चेन्निनीच्या कृतीतील सर्वांत त्रासदायक पायरी गावोगावच्या किराणा आणि हार्डवेअरच्या दुकानात डब्यात बंद होऊन मिळू लागली.

१५/
ही कृती आज वैरागमध्ये कशी होईल? ८ बाय ४ फुटांच्या एका हार्डबोर्डमधून १२ बाय १६ इंचांच्या २४ फळ्या निघतात. करवतीखाली जाईल ती भुकटी तेवढी वजा. उरलेले तुकडे मिळाले तर खर्च आणखी उतरतो. कडा पॉलिश पेपरने घासाव्यात, गुळगुळीत अंगही हलकेच खरवडावे. दुधासारखा पातळ केलेला फेविकॉल दोन्ही अंगांना आणि चारही कडांना द्यावा. हवे असल्यास जुन्या सुती धोतराचा तुकडा त्यावर चिकटवून मागे दुमडावा. फळी दोन फुटांहून मोठी असेल तर पाठीमागे लाकडी पट्ट्यांची चौकट चिकटवावी.

१६/
त्यानंतर लेप. व्हायटिंगची म्हणजे खडूची वस्त्रगाळ पूड, पातळ फेविकॉल आणि थोडा पांढरा रंग यांचे मिश्रण रुंद ब्रशने पातळ लावावे. पहिला हात उभा, तो वाळल्यावर दुसरा आडवा, असे चार-पाच हात; मधूनमधून पॉलिश पेपर. पाठीलाही निदान एक हात द्यावाच, नाहीतर फळी बाक धरेल. खडूचा असा लेप कडक असतो, म्हणून तो न लवणाऱ्या फळीवर शोभतो; सैल कॅनव्हासवर तो तडकेल. एका फळीला दोन दिवस लागतात. घाई केली तर ओल आत कोंडते.

१७/
सगळे वाळले की फळी उलटी करावी. अँटवर्पच्या कारागिराची खूण जेथे होती, ती ही जागा. येथे पक्क्या शाईने रंगवणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि वापरलेली सामग्री लिहावी : कोणता बोर्ड, कोणता चीक, किती हात. पुढे कधी डागडुजीची वेळ आली तर दुरुस्त करणाऱ्याला या दोन ओळी लाखमोलाच्या ठरतील. कोरेयाला त्या चित्रकाराचे नाव ठाऊक नसेल असे मानणे अवघड आहे. ते लिहून ठेवावे असे मात्र त्याला वाटले नाही. १५४७ साली गोव्यात कोणीतरी फळीच्या मागे चार अक्षरे कोरली असती, तर आज आपल्या पाठ्यपुस्तकांत एका चित्रकाराचे नाव वाढले असते.