जागल

शाळू हुरड्याला आला की वडील जागलीला जायचे. चार मेढी रोवून केलेला माळा, वर घोंगडी, शेजारी कंदील आणि वाजवायला पत्र्याचा फुटका डबा. रानडुकरं शिरली की डबा वाजायचा आणि आजूबाजूच्या माळ्यांवरून हाळी उठायची. एकजण ओरडला की सगळं शिवार जागं व्हायचं.

त्याच रात्री मादन हिप्परग्याच्या आमच्या घरात आईची जागल चालू असायची. तिला हाळी द्यायला कुणी नव्हतं. तिच्याजवळ होता तो तळहात.

१९७८ साली माझ्या धाकट्या भावाला नवव्या वर्षी मधुमेह निघाला. महिन्याभरात पोरगं वाळून गेलं होतं, तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचं. सोलापूरला नेलं तेव्हा निदान झालं. गावात परतलो तर कुणी कन्नडमधून विचारायचं, एवढ्या लेकराला सक्करे कायिले? कुणी मराठीतून विचारायचं, साखरेचा आजार तर म्हाताऱ्यांना होतो ना? आमच्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर एकच दुखणं दोन भाषांतून विचारलं जातं.

इन्सुलिनची बाटली आम्ही लहान मडक्यात ठेवायचो आणि ते मडकं मोठ्या मडक्यातल्या ओल्या वाळूत. काचेची सिरिंज रोज उकळायची. सकाळी परीक्षानळीत पाच मिली निळं बेनेडिक्ट द्रावण घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. ते काम माझं होतं. रंग निळाच राहिला तर साखर नाही. मग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि सगळ्यात वाईट तो विटकरी. निळा दिसला की मी आनंदाने ओरडायची.

त्या निळ्या रंगात काय दडलं होतं ते मला फार उशिरा कळलं. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली तरच ती लघवीत उतरते. म्हणजे १२० ला रंग निळा आणि ४० लाही निळाच. साखर वाढल्याचं ती नळी सांगायची, तेही काही तास उशिरा. साखर उतरल्याचं ती कधीच सांगू शकत नव्हती. आणि इन्सुलिन घेणाऱ्याला रात्रीची भीती असते ती साखर उतरण्याची.

म्हणून आईचा हात. पौषातली एक रात्र मला अजून दिसते. थंडी एवढी, की आम्ही गोधडीत तोंड खुपसून झोपलेलो. आईने नेहमीप्रमाणे भावाच्या मानेखाली हात घातला आणि ताडकन उठून बसली. मान घामाने चिंब आणि गार. हाक मारली तर तो भलतंच बरळत होता. तिने त्याला बसतं केलं, गिळतोय याची खात्री केली आणि साखरेचं पाणी चमच्या-चमच्याने पाजलं. पंधरा मिनिटांनी तो म्हणाला, ‘आई, भूक लागली.’ तेव्हा कुठे आई रडली. त्यानंतर कितीतरी वर्षं ती सलग तीन तास झोपलेली मी पाहिली नाही.

पुढे शिक्षिका झाले, वाचायला लागले, तेव्हा आईच्या तळहाताचा इतिहास मला पुस्तकांत सापडला. १९८० च्या दशकात अमेरिकेत ‘स्लीप सेंट्री’ नावाचं मनगटी यंत्र निघालं होतं. कातडीवरचा घाम आणि गारवा ओळखून ते वाजायचं. अगदी आईचीच पद्धत! पण घाम उकाड्यानेही येतो, त्यामुळे ते उगाचही वाजायचं. आईच्या हाताला उकाड्याचा घाम आणि हा घाम वेगळा कळायचा.

१९९३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ रुग्णांवरच्या मोठ्या अभ्यासाचा निकाल लागला. साखर काटेकोर सांभाळली तर डोळे, मूत्रपिंडं, नसा वाचतात हे पक्कं झालं. त्याच अभ्यासात काटेकोर सांभाळणाऱ्यांची साखर धोकादायक उतरण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट निघालं. म्हणजे उपचार जेवढा चांगला, तेवढी जागल कडक हवी.

१९९९ मध्ये अमेरिकेत मिनिमेड कंपनीचा कातडीखालचा सेन्सर मान्य झाला. तो तीन दिवस साखर नोंदवायचा, पण आकडे नंतर डॉक्टरांकडे उघडायचे. रात्रभर सगळं पाहून सकाळी हकीकत सांगणारा राखणदार! २००१ मध्ये ग्लुकोवॉच हे घड्याळ आलं. त्याला गजर होता, पण घाम आला की ते मोजणी सोडून द्यायचं, आणि साखर उतरली की घाम येतोच. २००६ मध्ये डेक्सकॉम कंपनीचा सेन्सर आला. साखर ठरलेल्या रेषेखाली गेली की तो लगेच वाजू लागला. २०१४ मध्ये युरोपात आलेल्या पहिल्या फ्रीस्टाइल लिब्रेला गजरच नव्हता. तो लिब्रे २ मध्ये, २०१८ साली आला.

मला यात सगळ्यात जवळची वाटते ती सिॲटलची डेना लुईस. स्वतः माझ्या भावासारखीच टाइप १ मधुमेहाची रुग्ण, झोप गाढ, आणि यंत्राचा गजर तिला उठवण्याइतका मोठा नव्हता. २०१३ मध्ये तिने स्कॉट लाइब्रँडच्या मदतीने सेन्सरचे आकडे बाहेर काढून मोठ्याने वाजणारा गजर तयार केला. इन्सुलिनचा पंप आपोआप कमी-जास्त करणारी आणि सर्वांना खुली असलेली प्रणाली पुढे त्याच धडपडीतून उभी राहिली. गजर ऐकू यावा एवढ्या साध्या गरजेपासून हे सुरू झालं.

आता भावाच्या दंडावर सेन्सर आहे. इतक्या वर्षांच्या आजारानंतर त्याला साखर उतरल्याचं कळेनासं झालंय. घाम नाही, थरथर नाही. आज आई असती तरी तिच्या हाताला काही लागलं नसतं. त्यामुळे पुण्याच्या भाच्याने हट्टाने सेन्सर लावायला लावला. सुरुवातीला फोन इतका वाजायचा की भावजय वैतागली. सणाचं जेवण झालं की वाजायचा. भाऊ सेन्सरच्या दंडावर भार देऊन झोपला की दाबामुळे आकडा खोटा खाली यायचा आणि पुन्हा वाजायचा. बोट टोचून पाहावं तर ११८. भाऊ गजर बंदच करायला निघाला होता. मग डॉक्टरांशी बोलून वरचा गजर १८० वरून २५० वर नेला आणि खालचा ८० वर ठेवला, म्हणजे उठून काही खायला वेळ मिळतो. सेन्सर दुसऱ्या दंडावर घेतला. आता क्वचितच वाजतो, आणि वाजला की सगळे उठतात. भाच्याच्या फोनवरही तोच गजर जातो. इथे कुणी उठलं नाही तर तो पुण्याहून मला फोन करतो, आणि मी दोन घरं ओलांडून जाते.

पण चौदा दिवसांच्या एका सेन्सरला हजारो रुपये लागतात. तुरीच्या राशीवर वर्ष काढणाऱ्या घराला ते कसं झेपावं? माझं मागणं आहे की टाइप १ च्या प्रत्येक मुलाला इन्सुलिनसारखाच सेन्सरही सरकारी दवाखान्यातून मिळावा. तो औषधाचाच भाग आहे.

आमच्या गल्लीत सात वर्षांची एक मुलगी आहे. तिच्या आईजवळ ग्लुकोमीटर आहे, सेन्सर नाही. रात्री दोनला उठून ती लेकीचं बोट टोचते. गेल्या दिवाळीपासून आठवड्यातल्या दोन रात्री मुलगी माझ्याकडे झोपते. दोनचा गजर मी लावते. त्या दोन रात्री तिची आई सकाळपर्यंत झोपते.