साठ फूट आणि वर किती इंच?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या मंडळातले चौघे हैदराबादहून बीदरकडे एका पडीक बारवेची मोजणी करायला गेलो होतो. बाजू एकच, टेप एकच, आकडे मात्र चार: 60 फूट 2 इंच, 4 इंच, 5 इंच आणि 9 इंच. नऊवाला आकडा आमच्यातल्या सगळ्यांत लहान मुलीचा. ‘टेप सैल धरली असेल,’ म्हणून मी तो खोडला आणि 60 फूट 4 इंच लिहून मोकळा झालो. परतताना गाडीत ती म्हणाली, “काका, माझाच चुकला हे कुणी ठरवलं?” मला काही उत्तर सुचेना.

हा प्रश्न जुना आहे. 1 जानेवारी 1801 ला पालेर्मोत पियाझी यांना सीरीस दिसला. 11 फेब्रुवारीपर्यंत त्यांनी तो पाहिला, मग तो सूर्याच्या तेजात हरवला. हाताशी निरीक्षणं मोजकी, त्यांतही चुका. 24 वर्षांच्या कार्ल फ्रीड्रिश गाउसने त्यावरून कक्षा काढली आणि वर्षअखेरीस सीरीस त्याच भागात पुन्हा सापडला.

1809 च्या ग्रंथात त्याने चुकांचा हिशेब मांडला: प्रत्येक निरीक्षणात थोडी चूक असणारच, तेव्हा चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी येईल असं उत्तर घ्या. हीच लघुतम वर्गांची पद्धत. लेजांद्र यांनी ती 1805 मध्येच छापली होती. गाउस म्हणाला, मी 1795 पासून वापरतोय. लेजांद्र भडकले, आणि मला तरी त्यांचा राग रास्त वाटतो. पण लहान चुका वारंवार, मोठ्या क्वचित, हा संभाव्यतेचा पाया गाउसने तिला दिला.

आमच्या बारवेवर करून बघा. 5 इंच धरले तर फरक 3, 1, 0, 4. वर्गांची बेरीज 26. माझे 4 धरले तर 30. म्हणजे चारही आकड्यांची साधी सरासरीच सरस. टेप खरंच सैल असेल तर मात्र ती चूक एकाच बाजूची, सरासरीने जात नाही. त्याला पुन्हा मोजणं हाच उपाय. खोडणं नव्हे.

आणि बीदर तर मोजणीचंच गाव! लॅम्बटन यांनी 1815 मध्ये तिथे पायारेषा मोजली. पुढे हैदराबादहून नागपूरकडे जाताना 1823 मध्ये हिंगणघाटला ते वारले. गाउस तेव्हा हानोव्हरची त्रिकोणमोजणी करत होता. दूरच्या टेकडीवरून आरशाने सूर्यकिरण टाकणारा हेलिओट्रोप त्याने 1821 मध्ये त्याच कामासाठी बनवला, आणि 1830 च्या दशकात एव्हरेस्ट यांच्या माणसांनी तसेच आरसे आपल्याकडच्या डोंगरांवर लावले. गणित जरा उशिरा पोचलं. 1870 च्या दशकात, वॉकर प्रमुख असताना, देशभरच्या त्रिकोणांचं जाळं एकमेकांशी जुळवायला लघुतम वर्ग वापरले गेले. कारकुनांनी ती आकडेमोड हाताने केली! आज खिशातला जीपीएसही उपग्रहांच्या न जुळणाऱ्या अंतरांतून आपली जागा बहुधा याच रीतीने काढतो.

वहीतल्या रेघेखालून तो 9 अजून वाचता येतो. बारवेच्या टिपणात आता चारही आकडे दिले आहेत, सरासरी 60 फूट 5 इंच. दिवाळीनंतर पुन्हा जातोय, पोलादी टेप घेऊन. टेपचं दुसरं टोक ती धरणार आहे.